अडतिसावी वही

आईच्या जपात दहा हजारांची तूट निघाली. काढली मीच. नसती काढली तर कुणाचं काही बिघडत नव्हतं, असं बायकोचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. पण पस्तीस वर्षं बँकेत कॅशच्या पिंजऱ्यात बसलेल्या माणसापुढे आकड्यांच्या वह्या आल्या की तो त्या वाचत नाही, तपासतो. खोड ती खोड.

वह्या लिखित जपाच्या. दोनशे पानी, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेल्या, शाळकरी पोरांच्या असतात तशा. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या रामनवमीला, म्हणजे २००३ साली, आईने पाच लाखांचा संकल्प सोडला. 'श्रीराम जय राम जय जय राम.' मंत्र तिला कुणी कानात सांगितला नव्हता. देवघरात गोंदवलेकर महाराजांचा फोटो होता. महाराज १९१३ साली गेले, तरी त्यांची प्रवचनं रोज एक याप्रमाणे आमच्या घरात वर्षानुवर्षं वाचली गेली, आणि त्यांनी गावोगाव दिलेला हा तेरा अक्षरी मंत्र लोणच्यासारखा मुरत गेला. आईचं गणित सरळ होतं. एका ओळीत दोनदा, पानाला पंचवीस ओळी, म्हणजे पन्नास. रोज दोन पानं. शंभर दिवसांत एक वही, दहा हजार. अशा पन्नास वह्या. खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी चार पानं.

२०१६ च्या गणपतीत तिने शेवटच्या पानावर '५,००,००० श्रीरामार्पणमस्तु' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बेरजेखाली दोन रेघा मारायची पद्धत आमच्या धंद्यातली, ती बहुतेक माझ्याकडून उचललेली. पुढे तीन वर्षांनी ती गेली.

वह्या पत्र्याच्या ट्रंकेत पडून होत्या. मी निवृत्त झाल्यावर त्या बाहेर काढल्या त्या एवढ्यासाठीच, की यांचं करायचं काय ते ठरवावं. अशा वह्या लोक देवळात नेऊन देतात, कुठे नव्या मंदिराच्या पायात घालतात. वाराणसीला तर रामनामाची बँकच आहे, राम रमापती बँक नावाची. तिथे सव्वा लाख रामनामाचं कर्ज घ्यायचं आणि रोज पाचशे याप्रमाणे आठ महिने दहा दिवसांत लिहून फेडायचं. मी हिशेब करून पाहिला, हप्ता बरोबर बसतो. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला हे वाचून हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. तिथे खोट्या नोटेची भीती नाही.

प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर क्रमांक आणि त्याखाली एकूण. १, १०,०००. २, २०,०००. मी नुसता क्रम लावत होतो. सदतीसनंतर हातात आली एकोणचाळीस.

ट्रंक पालथी घातली, माळा पाहिला, देवघरामागचं कपाट पाहिलं. अडतीस कुठेच नाही. मग तारखा पाहिल्या. आई रोजच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात तारीख घालायची आणि तारखेशेजारी बारीक अक्षरात 'मा.' लिहायची. हे 'मा.' म्हणजे 'मागील' असं मी धरून चाललो. खातेवहीत 'मागील पानावरून' असतं तसं. सदतिसाव्या वहीतली शेवटची तारीख आणि एकोणचाळिसावीतली पहिली, यांच्यामध्ये एकच रात्र होती. म्हणजे वही हरवली नव्हती. ती कधी झालीच नव्हती. पुठ्ठ्यावर आकडा टाकताना एक घर चुकलं आणि ती चूक शेवटच्या दोन रेघांपर्यंत ओढत नेली गेली.

तारीख मे २०१३ मधली होती. त्या आठवड्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि आई दवाखान्यात माझ्या उशाशी बसली होती, पिशवीत वही घेऊन. तेव्हा ही तूट कुणाच्या नावावर टाकायची, हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही.

कॅश कमी आली तर कॅशियर खिशातून भरतो. त्याच दिवशी, तिजोरीला कुलूप लागायच्या आत. मी आईची माळ काढली.

तुळशीची माळ, एकशे आठ मण्यांची, गोमुखीत. गोमुखी म्हणजे गाईच्या तोंडाच्या आकाराची कापडी पिशवी. हात आत घालायचा, माळ बाहेरून दिसत नाही. आपण किती केलं ते दुसऱ्याला दिसू नये आणि आपल्यालाही दिसू नये, अशी ती सोय. पहिल्याच मण्याला माझी अडचण झाली. माळ मधल्या बोटावर धरून अंगठ्याने ओढायची असते. तर्जनी लावायची नाही, ती दुसऱ्याकडे रोखायचं बोट म्हणून वर्ज्य. आता माझी तर्जनी म्हणजे पोटापाण्याचं बोट. ओल्या स्पंजवर टेकवून तिने आयुष्यभर नोटा सरकवल्या. ती दर चार मण्यांनी पुढे यायची. शेवटी तिला गोमुखीच्या भोकातून बाहेर काढून ठेवली. मोठी गोमुखी करणाऱ्यांनी ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं, हे नंतर कळलं.

दुसरी अडचण तत्त्वाची होती. माळेत मणी एकशे आठ, पण धरायचे शंभर. वरचे आठ सोडून द्यायचे. जपात लक्ष उडालं, उच्चार चुकला, डुलकी लागली, त्याची भरपाई. आमच्याकडे शंभर नोटांच्या पाकिटात एकशे आठ निघाल्या असत्या तर मागची पाच पाकिटं फोडून पुन्हा मोजली असती. मला ते सोडवेना. मी एकशे आठला एकशे आठच धरले. ब्याण्णव माळा आणि वर चौसष्ट मणी. दहा हजार चोख. चौसष्टाव्या मण्यावर मी थांबलो आणि माळ तशीच खाली ठेवली. मेरुमणी, म्हणजे माळेच्या गाठीवरचा तो मोठा मणी, ओलांडायचा नसतो, तिथून माळ उलटी फिरवायची असते, एवढं ठाऊक होतं. मेरूपर्यंत न जाताच माळ अर्ध्यात टाकलेली चालते का, याचा विचारही मनात आला नाही.

तीन दिवसांत काम उरकलं. पहिली माळ साडेचार मिनिटांत झाली, तिसऱ्या दिवशी अडीच मिनिटांच्या खाली आलो. वेग वाढला तसं मंत्राचं काय झालं ते सांगण्यासारखं आहे. आधी 'श्री' गळाला. मग 'जय राम'चं 'जैराम' झालं, आणि 'जय जय' मधला एक 'जय' कधी असायचा, कधी नसायचा. वाल्याने 'मरा मरा' म्हटलेलं चाललं, मग माझं घासलेलं नाणं का चालू नये, अशी मी स्वतःची समजूत घातली. 'जप' या धातूचा मूळ अर्थच पुटपुटणं, कुजबुजणं असा आहे. पुटपुटणं मला नवं नव्हतं. मोजताना माझे ओठ हलतात, हे गिऱ्हाइकं मला नेहमी सांगायची.

समर्थांचाही हिशेब तेव्हाच करून पाहिला. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहून त्यांनी याच तेरा अक्षरांचा तेरा कोटी जप केला, अशी परंपरा आहे. बारा वर्षांचे दिवस धरले तर रोज साधारण २९,६६० येतात. माझ्या पहिल्या माळेच्या वेगाने त्याला रोज वीस तासांहून जास्त लागतील. आणि ते तर पहाटेपासून दुपारपर्यंत नदीत उभे राहायचे, मग माधुकरी मागायचे. सात तास धरले तर एका मंत्राला एक सेकंदही पुरा येत नाही. मी तोंड वाकडं करून कागद बाजूला सारला. मग आठवलं, सेकंदाला दोन नोटा तर मी स्वतः मोजल्यात, आणि तेही गिऱ्हाइकाशी पावसापाण्याचं बोलत. जिभेला वेळ लागतो, मनाला जीभ नसते. तेरा कोटीवर माझी सही नाही, पण आता मी तो आकडा खोडतही नाही.

तूट भरली, असं मी बायकोला जाहीर केलं. ती भाजी निवडत होती.

"अहो, आईंनी लिहिलं होतं ना?"

"मग?"

"तुम्ही तोंडी भरलंत. तुमच्या बँकेत एका खात्यातली तूट दुसऱ्या खात्यातनं काढून भरतात का?"

भरत नाहीत. असं करणाऱ्याला घरी पाठवतात. मी दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि पुठ्ठ्यावर आकडा घातला, ३८.

जपाचे प्रकार शास्त्रात तीन. वाचिक म्हणजे मोठ्याने, उपांशु म्हणजे ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू येणार नाही असा, आणि मानस. मनुस्मृतीने त्यांचे दरही ठरवून दिलेत. विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दहापट, उपांशु शंभरपट, मानस हजारपट. या दरपत्रकात लिखित जपाला रकाना नाही. पण एक गोष्ट फक्त लिखितातच आहे. इथे व्हाउचर राहतं. मनातल्या जपात मन कुठे भटकून आलं याचा पुरावा कुणाकडे नसतो. कागदावर तो राहतो.

हे मला आईच्याच वह्यांनी दाखवलं. तिचं अक्षर दाबून असायचं. पान उलटं करून पाठीवरून बोट फिरवलं की मंत्र उलटा हाताला लागतो. लिहिण्याआधी हात बसावा म्हणून मी तिची कुठलीही वही उघडून एखादं पान पाहायचो. अकराव्या वहीत एका ओळीत चक्क लिहिलंय, 'श्रीराम जय राम जय जय दूध'. उतू गेलं असणार. 'दूध'वर काट मारलेली नाही. पुढच्याच जागेवर 'श्रीराम' सुरू केलंय आणि त्या ओळीला दोनचा नेम मोडू नये म्हणून शेवटचा मंत्र समासात घुसवलाय. एकतिसाव्या वहीत एका ठिकाणी माझ्या बहिणीचं नाव आहे, ते मात्र गिरवून गिरवून 'राम' केलंय. 'र'ला काना दिल्यावर उरलेलं अक्षर कुठे लपवावं ते तिला जमलेलं नाही. शेवटच्या पाच-सहा वह्यांत अक्षर ओळीवरून घसरत जातं, 'श्री'ची वेलांटी वरच्या ओळीत शिरते, पण ओळीला दोन म्हणजे दोन.

तूट फक्त आमच्याच घरात राहिली असंही नाही. तुकोबांना मंत्र मिळाला तो स्वप्नात. बाबाजी चैतन्यांनी डोक्यावर हात ठेवला, 'रामकृष्णहरि' हा मंत्र दिला. हे सगळं त्यांनी अभंगात सांगितलंय, अगदी माघ शुद्ध दशमी, गुरुवार, अशा तिथीवारासकट, पावतीवर असतं तसं. आणि त्याच अभंगात एक बाकीही नोंदवून ठेवलीय. सद्गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं होतं. 'पडिला विसर स्वप्नामाजी.' ते द्यायचं राहिलं. म्हणून तर ते घाईने निघून गेले की काय, ही रुखरुखही तिथेच आहे. एवढा मोठा मंत्र मिळाला आणि माणूस पावशेर तुपाची आठवण काढत बसलाय, हे मला आधी विनोदी वाटायचं. वहीत 'दूध' सापडल्यापासून तसं वाटत नाही.

पहिले पंधरा-वीस दिवस मी नुसता भरणा करत होतो. शंभर मंत्र लिहायला पाऊण तास लागायचा, बोटं आखडायची. लिहिताना वेग वाढवता येत नाही, ही लिखिताची मोठीच अडचण. 'जैराम' असं लिहिता येत नाही. हात तयारच होत नाही. प्रत्येक अक्षर सुटं समोर येतं, आणि समोर आलेल्या अक्षराकडे माणूस कधीतरी पाहतोच. चौथ्या आठवड्यात कधीतरी मी 'जय' या शब्दाशी थांबलो. संस्कृत मी शाळेपुरतंच केलेलं, पण 'जय' हे 'जि' धातूचं आज्ञार्थी रूप, एवढं आठवत होतं. जिंक. विजयी हो. मग हा मंत्र झाला, हे श्रीरामा, जिंक. हे रामा, जिंक, जिंक, रामा. यात 'मला' कुठेच नाही. माझं रक्षण कर नाही, माझं पाप घालव नाही, मला अमुक दे नाही. उलट आपणच देवाला शुभेच्छा देतोय, घरातलं मूल परीक्षेला निघताना देतात तशा. लंकेच्या वाटेवरच्या वानरांनी याहून वेगळं काय म्हटलं असेल? नवरा नुकताच गेलेल्या बाईने पुढची तेरा-चौदा वर्षं रोज शंभर वेळा कुणाला तरी 'जिंक' म्हणावं आणि स्वतःसाठी चार अक्षरंसुद्धा मागू नयेत, हे माझ्या लक्षात यायला मला तिची तूट काढावी लागली.

अर्थ कळला म्हणून फरक पडतो का, हा वाद फार जुना आहे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या जुन्या ग्रंथात, कौत्स नावाच्या आचार्याचं मत दिलंय, मंत्रांना अर्थच नसतो. शब्द ठरलेले, त्यांचा क्रम ठरलेला, एकाच्या जागी दुसरा समानार्थी शब्द घालता येत नाही. मग अर्थ कुठे राहिला? मुद्दा तसा बिनतोड आहे. 'श्रीराम जय राम'च्या जागी 'दाशरथी, तुझा विजय असो' असं लिहून पाहा, हात नाही म्हणेल. यास्काचं उत्तर झणझणीत आहे. आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. पतंजलीने ॐकाराच्या जपाबद्दल सांगताना दोन्ही एकत्र बांधलंय, 'तज्जपस्तदर्थभावनम्', त्याचा जप आणि त्याच्या अर्थाचं मनात घोळवणं. माझा कल यास्काकडे आहे, पण रोजच्या पाऊण तासातला चाळीस मिनिटं मी कौत्साचा असतो, हे कबूल केलं पाहिजे.

'मंत्र' हा शब्दही तिथेच, वहीच्या पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर खरडून पाहिला. पिण्याचं साधन पात्र. कापण्याचं शस्त्र. नेणारा तो नेत्र. तोच 'त्र' मन् धातूला लागला की मंत्र, मनाचं अवजार. अवजार म्हटल्यावर मला बरं वाटलं. अवजाराला श्रद्धेच्या आधी सवय लागते. नवीन माणसाच्या हातात पाकीट दिलं की पहिले आठ दिवस नोटा फाटतात, बँड सुटतो, आकडा चुकतो. नंतर हात मोजतो आणि माणूस मोकळा होतो. मोकळा झालेला माणूस काय करतो, हा पुढचा प्रश्न. मी पिंजऱ्यात मोकळा झालो की समोरच्या रांगेतल्या लोकांची तोंडं वाचायचो. आई काय करायची, कुणास ठाऊक. दूध बघायची, हे तर लेखी आहे.

आकड्यांचं वेड मला एकट्यालाच आहे असं समजू नका. दासबोधात अजपाचा समास आहे. 'येकवीस सहस्र सासें जपा', दिवसाला एकवीस हजार सहाशे श्वास, आणि दर श्वासागणिक आत-बाहेर 'सोहं' आपोआप होतोच आहे. मिनिटाला पंधरा श्वास धरले की आकडा तंतोतंत जुळतो. आपण झोपलेलो असतानाही खात्यात भर पडत असते, याहून चांगलं बचत खातं नाही. श्वासाचं म्हणाल तर २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. तेवीस निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे' म्हणायला लावलं, तर दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला आणि हृदयाची लयही त्याच्याशी जुळून आली. जावई डॉक्टर आहे, त्याने हे उत्साहाने सांगितलं. चांगलं आहे. पण आईला रक्तदाब होता आणि तो तसाच राहिला. ती गोळी घ्यायची आणि मग लिहायला बसायची.

संध्याकाळी शेजारच्या घरातून कधी हरिपाठ ऐकू येतो. सत्तावीस अभंगांचा, आणि पहिल्याच अभंगात ज्ञानोबा सांगून मोकळे होतात, 'हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी'. ती ओळ आली की मी पेन खाली ठेवतो. म्हणजे भक्तीने नव्हे, लाजेने. एकीकडे तेरा कोटी, पुरश्चरणाला, म्हणजे मंत्र सिद्ध करायच्या ठरावीक जपाला, अक्षरागणिक लाख, एकशे आठ मणी, बोटांच्या पेरांवर मोजायची करमाळा, आता तर अंगठीसारखं बोटात घालायचं बटणाचं काउंटर. दुसरीकडे मोजणार कोण, असा सरळ प्रश्न. समर्थ स्वतः दासबोधात चालता बोलता, धंदा करता, खाता जेवता नाम विसरू नका म्हणतात, आणि धंदा करता घेतलेल्या नामाची वही कोण ठेवणार? मला वाटतं, मोजणारे आणि न मोजणारे दोघेही एकमेकांना ओळखून होते. आकडा नसता तर आई दुसऱ्याच वर्षी थांबली असती, आणि आकडा सांगत फिरली असती तर तिच्या दोन रेघा मला कधीच ऐकायला लागल्या असत्या. तिने पाच लाख पूर्ण झाल्याचं आम्हाला सांगितलंसुद्धा नव्हतं.

परवा अडुसष्टावा दिवस होता. एकशे चौतीस पानं झालेली, सहासष्ट राहिलेली. मी पान आखून बसलो होतो आणि बायको पुसायला म्हणून आईच्या वह्या हलवत होती. एक उघडून तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे 'मा.' रोज घालायच्या नाही आई?"

"मागील," मी म्हटलं. "मागील पानावरून."

"काहीतरीच. माळ ती. आधी एक माळ ओढायच्या आणि मगच पेन उघडायच्या. मी रोज बघत होते. तुम्ही बँकेत असायचात."

मी पेन ठेवलं आणि पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर आकडे मांडले. चार हजार नऊशे दिवस. रोज एक माळ. तिच्या लेखी माळेचे शंभर, ते रोजच्या नेमाचं खातं. त्याला हात लावायचा नाही, बायकोचा नियम. पण वरचे आठ? ते ती सोडून द्यायची. कुठल्याच वहीत नाहीत, कुठल्याच संकल्पात नाहीत. बँकेत अशी कुणाचीच नसलेली रक्कम सस्पेन्स खात्यात पडून राहते आणि कधीतरी कुणाची तूट निघाली की उपयोगी पडते. चार हजार नऊशे गुणिले आठ. एकोणचाळीस हजार दोनशे.

दहा हजार वजा करून एकोणतीस हजार दोनशे शिल्लक. पुन्हा तपासलं. बरोबर होतं. मी ज्या दिवशी ट्रंक उघडली त्या दिवशीही ते बरोबरच होतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"जमा निघाली."

"मग वही बंद?"

साडेसात वाजले होते. दोन पानं व्हायची होती. मी उठून देवघरातल्या खुंटीवरची गोमुखी काढली, तर्जनी भोकातून बाहेर काढून ठेवली आणि माळ ओढली. मेरूपर्यंत गेलो, तिथून माळ उलटी फिरवून पिशवीत ठेवली. मग वही उघडली, कोपऱ्यात तारीख घातली, आणि तारखेशेजारी लिहिलं, 'मा.'